नमुना

केदूचं रक्त मीच काढलं.
बहीण म्हणून नाही, ड्युटी होती.
सिव्हिलच्या लॅबमध्ये, सकाळी साडेआठला.
शीर सापडेना; मग सापडली,
लहानपणी मांज्यानं कापलेल्या खुणेशेजारी.

दुपारी यकृताचे आकडे आले,
प्रत्येकापुढे छोटा बाण, वर तोंड करून.
टिपरे डॉक्टर म्हणाले, शरीराचा आजार आहे हा,
मधुमेहासारखाच. त्याच्यावर रागावू नका.
मला बरं वाटलं.
आईला फोन केला: रोग आहे गं, रोग.
ती म्हणाली,
मग त्या रोगाला विचार, माझी पाटली कुठं विकली.

वनमाळीबाईंनी समुपदेशनाच्या खोलीत
मनाचं काही विचारलं.
केदू पंख्याकडे बघत बसला.

सातपूरला लेथवर होता तेव्हा
केसाएवढा फरक बोटांना कळायचा त्याच्या.
आता पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो,
तीर्थ घेतल्यासारखा.
हे थरथरणं शरीराचं, कबूल.
पण त्र्यंबक नाक्याच्या वळणावर
त्याची स्कूटर आपोआप मंद व्हायची,
ती कुणाच्या सांगण्यावरून?
तिथलं दुकान तर केव्हाच उठलं,
मोबाईलची कव्हरं मिळतात तिथं आता.

अठ्ठावीस वर्षं मी काचपट्टीवर पेशी बघतेय.
हाव दिसली नाही कधी.
पण ‘आढळले नाही’ लिहितो आम्ही.
‘नाही’ असं
कुठल्याच रिपोर्टवर लिहिलेलं नाही मी.

चार वर्षं झाली, तो घेत नाही.
बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून
मेथी आणतो, निवडतोही,
बोटं थोडी हलतात, काड्या राहून जातात भाजीत.
आणि मी?
दार उघडलं की आधी त्याचा श्वास हुंगते,
मग म्हणते, ये.
तो झोपला की संडासातल्या टाकीचं झाकण उचलते.
आत पाणी असतं, तरंगता गोळा,
दुसरं काही नाही.
तरी दुसऱ्या रात्री पुन्हा.
कळतं सगळं. पाय ऐकत नाहीत.

परवा तो मागे येऊन उभा राहिला.
ओरडला नाही.
हळूच म्हणाला,
ताई, तुझं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

क्वार्टरमधली जुनी टाकी, चिनी मातीची.
झाकण जड असतं.
मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.