खरखर

कल्लोळच्या घाटाला गजबरची नाव,
छपराला टांगलेला रेडिओ,
त्यात गांधीलमाश्यांचं पोळं.
"सांगली लागंनाच झालीय बघ," म्हणाला,
"धारवाड लागतंय, खरं भांडत लागतंय."

इंजिन बंद केलं. खरखर तशीच.
पंपाची वायर उपटली. तशीच.
मासे दाखवणारा डबा,
ज्याला आजवर एकही मासा दिसलेला नाही,
त्याचाही प्लग काढला.
वारा, दूधगंगेचं पाणी, पलीकडची टिटवी:
बंद करायचं एवढंच राहिलं.

मग दिसली फळीखाली
हिरवा डोळा मिचकावणारी चार्जरची डबी,
चिकोडीच्या बाजारातली, साठ रुपयांची.
उपसली बॅटरीतून.

वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी
मोजता यावं इतकं शांत.
त्यात कुणी बाई कोयनेचा विसर्ग सांगू लागली.
आकडा ऐकला
आणि गजबरनं न बोलता दोर सोडला,
दोन पायऱ्या वरच्या कडीला बांधला.

शमशादचा फोन तेवीस टक्क्यांवर.
"अब्बा, चार्जिंग?"
"थांब. बातम्या होऊ देत."

डबी माझ्या खिशात,
अजून कोमट.