शाकारणी

टेकडीच्या उतारावर, पायऱ्यांच्या तोंडाशी
संस्थापकाची झोपडी आहे.
दर हिवाळ्याआधी ती मी शाकारतो.
माझ्याआधी बाप शाकारायचा, निकेफोर.
डेलोसच्या बाजारातून त्याला विकत आणलेला,
लांडगीची गोष्ट त्याला इथं येऊन कळली.
आमच्या गल्लीत लांडगी म्हणजे
दिवा लावून दारात उभी राहणारी बाईसुद्धा.
ते कळलं तेव्हा बाप पोट धरून हसला,
मग म्हणाला,
तर मग गोष्ट खरीच असणार.

नियम एक: देखणी करायची नाही.
मोडलं तेवढंच जोडायचं, होतं तसं.
कसं होतं?
पुजारी स्तातियुस म्हणतो, गेल्या वर्षीसारखं.
गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला.

लव्हाळा ओस्तियाच्या दलदलीतून,
मेढी चेस्टनटच्या,
कूड लिंपायला टायबरचा गाळ.
याच गाळात म्हणे जुळ्यांची टोपली रुतली होती.
माझ्या टोपलीत
गाळ येतो, कधी शिंपला,
एकदा कुणाची तरी चप्पल.

पलीकडे, कॅपिटॉलवर, त्याचीच अजून एक झोपडी आहे.
खरी कोणती, मी विचारलं.
दोन्ही, पुजारी म्हणाला.
दोन्हींचा लव्हाळा एकाच बैलगाडीतून येतो,
त्यामुळे माझंही मत तेच.

मागे कावळ्यांनी कुठल्याशा वेदीवरून
जळतं मांस उचललं
आणि आढ्यावर टाकलं.
कावळा बसायला नि झोपडी पेटायला एकच गाठ.
शहरभर शकुन-अपशकुन, बळी, नवस.
मी आणि फिलेरो, माझा थोरला,
अकरा दिवस राख उपसत होतो.
बाराव्या दिवशी झोपडी
पाचशे की सातशे वर्षांची, जशीच्या तशी उभी होती.
म्हातारी माणसं उंबऱ्याला हात लावून रडली.
उंबरा फिलेरोनं आदल्या संध्याकाळी तासला होता,
अजून ओला होता.

एक मात्र मी कुणाला सांगितलं नाही.
राखेखाली, जळकी मेढ उपटताना,
खडकात खड्डे दिसले.
आमच्या मेढींच्या रांगेत नव्हते ते,
थोडे डावीकडे, वाकड्या गोलात,
एवढे जवळजवळ
की आत माणूस पाय लांब करून निजला नसेल.
एकात जळके सातूचे दाणे.
कडांवर छिन्नीचे घाव,
डावखुऱ्या माणसाचे, माझ्यासारखे.

मी हात घातला. कोपरापर्यंत गेला.
आत गार.
राजा नव्हता, लांडगी नव्हती,
कुणीतरी इथं वारा अडवायला खांब रोवला होता, बस.

स्तातियुस वरून ओरडला, काय सापडलं?
काही नाही, मी म्हणालो, भोक आहे.
बुजव, तो म्हणाला.

मी वर लव्हाळा पसरला, त्यावर माती,
आणि आमची मेढ
थोडी उजवीकडे, नेहमीच्या जागी, ठोकली.