क्रमांक दोनशे बारा

वेंबरीच्या खडकांवर मी एकतीस वर्षं
लिंपेट मोजते आहे.
टोपीच्या आकाराचा शंख, रुपयाएवढा.
भरतीत चरायला निघतो, हातभर जातो,
ओहोटीआधी परततो
स्वतःच घासून केलेल्या खळग्यात,
जिथे त्याची कड तंतोतंत बसते.
दुसऱ्या कुणाची बसत नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आई म्हणाली असती.
मी त्यावर चौदा शोधनिबंध लिहिले.

ग्वेंडा निवृत्त झाली तेव्हा
केक कापता कापता म्हणाली, पुस्तक लिही.
लिंपेटवर?
नाही गं. तुझ्या त्या बसवाल्यावर,
जो प्लिमथहून येताना चर्चच्या वळणावर
कुणी राहत नसलेल्या घराकडे बघून हात वर करतो.

अनुदानाच्या अर्जात त्याला रकाना नाही,
असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.
मीही.

त्या रात्री वही उघडली.
लिहिलं: त्याला कुणाची तरी आठवण येत असावी.
लगेच समासात, माझ्याच अक्षरात:
कशावरून?
खोडलं. लिहिलं: वळणावर तो हात वर करतो.
ऊन डोळ्यांवर येत असेल, ही शक्यता तपासली का?

पुढचे दोन आठवडे बसमध्ये नोंदी घेतल्या.
नऊ दिवस ढगाळ. नऊही दिवस हात वर.
हे पुस्तक नव्हे, एवढं मला कळत होतं.

वेळ नसतो म्हणतात. असतो, काढला तर.
भीती वेगळीच आहे.
ओस्लोत एक माणूस आहे, सव्वीस वर्षं
माझ्या प्रत्येक दशांशावर टपलेला.
त्याच्या भरवशावर मी झोपते.
बसवाल्याबद्दल मी काहीही लिहिलं
तर ते तसंच राहून जाईल,
चूक काढायला कुणी उठणार नाही,
तो स्वतःही नाही.

एका मार्चमध्ये,
पाठीवर पिवळ्या रंगाने आकडा घातलेला दोनशे बारा
चरायला गेला तो परतला नाही.
पक्ष्याने नेला असेल. लाटेनेही.
आठ दिवस वाट पाहून आम्ही त्याला तक्त्यातून वगळला.
माझ्या एकाही निबंधात तो नाही.

खळगा अजून आहे.
परवा त्यात बोट घालून बसले,
पाणी कोमट होतं,
त्या नादात बस चुकली.

पुढची पाऊण तासाने.
वही पिशवीतच होती.