चपला काढून या

जनगणनेची रात्र. माझ्या वाट्याला
डॉकयार्ड रोडची भिंत
आणि भिंतीच्या कडेनं सत्तावीस अंथरुणं.
मुख्याध्यापक म्हणाले होते, दोघीदोघी फिरा,
पर्स आत ठेवा, प्यायलेले असतात, जपून.
माझी जोडीदारीण आलीच नाही, तिचं पोर तापलेलं.

पहिल्या अंथरुणाशी जाऊन कागद उघडला
तोच आवाज आला : चपला.
मला वाटलं, चोरीला जातील म्हणतेय.
तसं न्हाई बाई, काढून या. आत्ताच पुसलंय.
खाली पाहिलं.
फरशीवर एक ओला चौकोन होता,
पलीकडे धूळ, अलीकडे घर,
आणि घरात मी, चपलांसकट.

नाव? सुगला दशरथ सोनकांबळे.
वय? लावा तुम्हीच अंदाजानं.
काम? – पेन आधीच 'नाही'वर टेकलं होतं माझं.
खोडून लिहिलं : कोळंबी सोलणे, भाऊचा धक्का,
पहाटे चार ते दहा. दुपारी दोन घरची भांडी.
बोटं पुढे केली तिनं. टोकांना कातडी नव्हती.
मूळ गाव?
ह्येच.
म्हणजे मुंबईत कधी आलात?
आले न्हाई. ह्या झाडाखाली जन्मले.
आई आलती दुष्काळात. गेली तीबी हितूनच.
तुमी कधी आलात, बाई?
मी म्हटलं, सात वर्षं झाली. परांड्याची मी.
आता बदलापूरला.
लांबनं येता, ती म्हणाली.
आम्ही स्टाफरूममध्ये 'बाहेरून आलेत सगळे' म्हणतो
त्या सुरात नाही. नुसतंच,
पाय दुखत असतील तुमचे, अशा सुरात.

सातदा गाडी आली होती तिच्या भांड्यांसाठी.
आठव्यांदा ती भांडी झाडावर टांगायला शिकली.
वर पाहिलं तर फांद्यांत
पातेली, एक कुकर, शाळेचं दप्तर.

मग पुढची अंथरुणं.
लग्नातला वाढपी, कुंपणावर त्याचे पांढरे हातमोजे वाळत.
बंद कंपनीतला फिटर, पिशवीत फंडाचे कागद,
ते त्यानं मला दोनदा वाचायला लावले.
झोपलेली दोन पोरं, त्यांना उठवलं नाही, नियम मोडला.
एक प्यायलेला होता, हो.
त्यानं उठून बसून, सदरा घालून उत्तरं दिली.
आमच्या इमारतीतले तिघं आठवले मला,
पण त्यांना दार आहे, ते लावून पितात.

सगळं संपलं तेव्हा दीड वाजलेला.
शेवटची गाडी कधीच गेली होती.
सुगला जागीच. एवढ्या रातीला
बाईमाणसानं कुठं जायाचं, म्हणाली,
आणि गोधडी सरकवली.
भिंतीकडून तिची प्राची, मग मी,
मग ती, मग ट्रक.

जाग आली ती बरगडीत काठी लागून.
ए, ऊठ. ऊठ चल.
पांढऱ्या बुटातले दोघं फिरायला निघालेले,
त्यातला एक दुसऱ्याला :
ऊन वर आलं तरी लोळतायत.
काम नकोय यांना, सवय लागलीय.
माझ्या शेजारची जागा गार होती,
चादरीची घडी उशाशी.
ती तीनलाच उठून गेली असणार.

गळ्यातलं ओळखपत्र मी ओढून पुढे केलं.
काठी खाली झाली. सॉरी मॅडम. तुम्ही इथं कशा?
प्राचीकडे गळ्यात काही नव्हतं.
ती न सांगताच भांडी फांदीवर चढवत होती
घाईनं, आवाज न करता.

माझ्या चपला चौकोनाबाहेर होत्या,
कुणीतरी जुळवून ठेवलेल्या,
टाचा आत, अंगठे रस्त्याकडे.
हवालदार आत उभा होता.
मी म्हटलं, बूट.
काय? म्हणाला.
बूट, मी म्हटलं.
त्यानं खाली पाहिलं.
त्याला फुटपाथ दिसला.