कांडी

मार्डीच्या माळावर शनिवारी दुपारी बारा ते रविवारी बारा.
नऊ किलोमीटरचा एक फेरा, चौघांचा संघ:
एकाने फिरायचं, तिघांनी तंबूत
झोपेचं सोंग घ्यायचं.

घोट्याला बांधलेली चिप सगळं मोजते,
हातात काही द्यायची-घ्यायची गरज नसते.
पण नागनाथ दुडमने सुरुवातीलाच खिशातून
एक लाकडी कांडी काढली,
बंद पडलेल्या मागावरची, टोकाला
निळं सूत अजून गुंडाळलेलं.
"हे द्यायचं एकमेकाला. नुसती टाळी दिली की
काय दिल्यासारखं वाटत नाय बे."

दुपारभर ऊन मुरमातून वर येत राहिलं.
नागनाथ आला, इरण्णा गेला,
इरण्णा आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या.
बाभळीने दोन ट्यूब खाल्ल्या.
नुसरत नदाफ, रात्रपाळीची नर्स,
सायकल टेकवून आधी आमची तोंडं बघायची,
पाणी प्यायलात का विचारायची,
मग स्वतः प्यायची.
आणि मी, पतपेढीतली रोखपाल,
दिवसा दुसऱ्यांचे पैसे मोजणारी,
इथे चढ मोजत होते, तेही चुकत.

रात्री दोन चाळीसला माझी पाळी.
पोटात कडक भाकरीचा चुरा, शेंगाचटणी,
बोटं गार, हँडल त्याहून गार.
दिव्याचा उजेड म्हणजे दहा पावलांचा माळ:
दगड, गवत, दगड, दगड,
मग एकदम काहीच नाही,
म्हणजे उतार.
दिवसा ओळखीचे झालेले दगड
रात्री ओळख देत नाहीत.
"डावीकडून!" म्हणत कुणी पुढे गेला,
त्याचा लाल दिवा बराच वेळ दिसला,
मग तोही माळाने गिळला.

कालव्याच्या वळणावर खिसा चाचपला.
रिकामा.

उलटं चालवायचं नाही, असा नियम.
उतरले. सायकल हातात धरून
कडेकडेने मागे, मान खाली.
वाघरीत मेंढ्या एकमेकींत दाटून झोपलेल्या,
बाहेर घोंगड्यातला एक आवाज:
"काय हरवलंय म्हणायचं, बाई?
दुपारपास्नं बघतोय,
समदी फिरून फिरून हितंच येताय.
सापडंना व्हय?"

हसू आलं, तोंडापर्यंत पोचलं नाही.
"लाकडाची कांडी," म्हटलं, "एवढीशी."
कशाला, हे त्याने विचारलं नाही.
बॅटरी घेऊन उठला, काठीने
गवत असं बाजूला सारत गेला
जसं कुणाचे केस विंचरावेत.
त्याचं कुत्रं मधेच माझ्या चाकाचा वास घेऊन
विचारात पडलं.
शेजारून दिवे जात होते, एक हळू झाला:
"पंक्चर का?"
मी हो म्हटलं.

नऊ मिनिटांनी तरवडाच्या बुडाशी
निळं सूत.

नागनाथ हेल्मेट घालून, हात पुढे करून उभा,
किती वेळ उभा होता कोण जाणे.
धापेतच सगळं सांगितलं: पडली, मागे गेले,
नऊ मिनिटं, माफ कर.
"अगं, घरी पोतंभर हायत!
बायको बंबात घालती रोज दोन."
आणि तरी
सुटलेलं सूत त्याने अंगठ्याने
पुन्हा दोन वेढे गुंडाळलं,
खिशाकडे हात नेला, थांबला,
कांडी दातांत धरली
आणि अंधारात शिरला.

चौदा संघांत आमचा अकरावा.
फोटो काढताना नुसरत उभ्या उभ्या झोपली.
शेवटचा फेरा इरण्णाचा होता. रात्री तो घोरत होता,
त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.
बूट झटकता झटकता म्हणाला,
"तिकडं एक म्हातारा वाघर गुंडाळत होता.
हात करून थांबवलं बे मला, चढावर!
विचारतो, त्या बाईचं सापडलं का."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला काय माहीत?
हो म्हणालो."