कडं

हॉलची किल्ली माझ्याकडे, म्हणून
मी सगळ्यांच्या आधी येते. हीटर लावते,
खुर्च्या भिंतीला सारते.
वाळवलेल्या मटणाचा वास
खिडकी उघडली तरी हलत नाही.

आम्हा फेरो बेटांवरच्यांच्या नाचाला वाद्य लागत नाही.
लाकडी जमीन आणि पाय:
दोन पावलं डावीकडे, एक मागे.
माणसं मात्र लागतात, कडं पुरं होण्याइतकी.

यंदा सतरा.
राकुलचा गुडघा धरला तर साडेसोळा.
पोरं कोपनहेगनात,
दोघं ट्रॉलरवर, ग्रीनलंडच्या बाजूला कुठेतरी.
तुम्मसनं तरी हात पुढे केले, गीत उचललं:
राजा, जहाज, भावानं केलेला दगा,
एकशेचार कडवी, वही नाही.

एकाहत्तराव्याला अडला.
पाय चालूच. पाय थांबवायचे नसतात.
आम्ही खाली बघत राहिलो,
जणू फळ्यांच्या फटीत ओळ पडली होती.

कॉफीच्या किटलीपाशी मालिवान कप विसळत होती.
माशांच्या कारखान्यात काम करते,
थायलंडहून येऊन अकरा वर्षं झाली.
दरवर्षी कप तीच विसळते,
आम्ही दरवर्षी आभार मानतो.

तिनं ओळ दिली.
पाठमोरीच, आवाज बारीक, उच्चार पक्का.

तुम्मसनं दाद दिली नाही.
ओळ घेतली नि पुढे निघाला,
दोरी फेकली की झेलतात तशी.

मी राकुलचा हात सोडला, मध्ये जागा केली.
मालिवानचे हात ओले होते
आणि बहात्तरावं सुरू झालं होतं.