अनअरिंग

केझियाच्या वहीत आज एकच शब्द,
अनअरिंग.
अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. गुण दोन.

राल्फ स्टोबर्ट, डरहॅमची खाण बंद पडल्यापासून
फक्त कबुतरांचे,
चहाच्या कपातून मान वर न काढता म्हणाले,
लिही, माझं कबूतर अनअरिंग घरी येतं.
असं नाही चालत, आजोबा. विशेषण आहे ते,
त्याला पुढे नाम लागतं.
मग नेम लिही. नाहीतर नजर लिही तुझ्या आजीची,
माझी चूक शोधणारी.
इनिड कढई घासत होती.
शोधायला कशाला लागते, म्हणाली,
खुर्चीतच तर बसलीय.

आमच्याकडे याला अचूक म्हणतात.
एकदा लागला तो नेम अचूक नव्हे, ते नशीब.
शंभराव्यांदा, आडव्या वाऱ्यात,
कुणी बघत नसतानाही लागतो,
त्याच्यासाठी राखून ठेवलेला शब्द.

पण शब्दकोशात जरा खाली उतरलं
की मुळाशी चूक सापडत नाही,
सापडतं भटकणं.
म्हणजे आपल्यासारखंच.
वाट चुकते. जत्रेत पोर चुकतं.
आणि नेहमीचं माणूस घरात नसलं
की दिवसभर नुसतं
चुकल्या चुकल्यासारखं.

निळी मादी, पायात कडं चौदाशे सहा,
गेल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी
फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सुटली.
खाडीवर धुकं होतं म्हणतात.
क्लबातली बाकीची घड्याळं टिकटिकली, थांबली,
बक्षिसं वाटून झाली.
राल्फचं घड्याळ फळीवर तसंच.
रोज सहाला ते मक्याचा डबा खुळखुळवतात,
टॉर्च घेऊन मोजतात.
एकतीस.
पुन्हा मोजतात, जणू आकडाच
कुठे उडून गेला असेल.

आज बत्तीस.
कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्याला खेटून,
एक करडा नर, छातीचं हाड वर आलेला,
पायातलं कडं बेल्जियमचं.
चुकला फकीर मशिदीत,
पण ही मशीद त्याची नव्हे.

राल्फनी त्याला उचललं नाही.
गुडघे कुरकुरवत खाली बसले,
भांडं बोटभर पुढे सरकवलं,
आणि अंधारातच कड्यावरचा नंबर
अंगठ्यानं चाचपून वाचला,
एक आकडा न चुकता.
फोन करायला हवा, म्हणाले,
तिकडेही कुणीतरी मोजत असेल.

टेबलावर केझियाचं वाक्य अर्धंच राहिलंय.
अनअरिंगच्या पुढे तिनं काहीतरी लिहिलं होतं,
ते खोडलंय. नाम सुचत नाही तिला.
मागच्या दारातून डब्याचा आवाज येतो.
पेन्सिल तोंडात धरून ती
ऐकत बसलीय.